खाकी कागदावरचे लाल आकडे

या आजारपणात मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर मुनीरचाचा बाइंडर यांचा. जुन्या शहरात त्यांचं पुस्तकं बांधायचं लहानसं दुकान आहे. ते डॉक्टर नाहीत, आमचे नातेवाईकही नाहीत. पण माझे डोळे त्यांच्यामुळे वाचले. आणि ते वाचले एका जाडजूड कादंबरीच्या निमित्तानं, जिला मी अकरा वर्षं घाबरत होतो. ज्यांच्या घरात कुणाला मणक्याचा क्षय झालेला आहे आणि गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हा पॉट्स स्पाइन आहे. म्हणजे मणक्याचा टीबी."

टीबी फक्त छातीत होतो, असाच माझा समज होता. खोकला नाही, कफ नाही. चार महिने पाठ दुखत होती. वाळूजच्या एका कंपनीत मी स्टोअरमध्ये काम करतो. माल उचलून पाठ भरली असेल म्हणून मलम चोळलं, पट्टा बांधला. मग पाय जड पडायला लागले. एक दिवस गेटपाशी एका पायातली चप्पल निसटून मागं राहिली आणि मला ते कळलंच नाही. वॉचमननं हाक मारून दाखवली. तेव्हा भीती वाटली.

मॅडमनी समजावून सांगितलं. पाठीच्या मधल्या भागातले दोन मणके जंतूंनी पोखरले होते. तिथं साचलेला पू मज्जारज्जूवर, म्हणजे पायांकडे जाणाऱ्या मुख्य नसेवर दाब देत होता. ऑपरेशनची गरज आत्ता नाही, पण तीन आठवडे इथं उताणं झोपून राहायचं, मग घरी. गोळ्या दीड वर्ष.

"यातली एथॅमब्युटॉल नावाची गोळी क्वचित डोळ्यांना त्रास देते," त्या म्हणाल्या. "नजर धूसर झाली किंवा रंग फिके वाटले, तर त्याच दिवशी येऊन सांगायचं. समजलं?"

"हो मॅडम, समजलं."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन, त्याला गणती नाही. माझे वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. घरात अक्षर येणारा मी पहिला. शाळेत सरांनी विचारलं, "समजलं का?" की सगळा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणायचा. नाही म्हणणाऱ्याला उभं राहावं लागायचं. घरी विचारायला कुणी नव्हतं. त्यामुळं न समजलेलं पोटात ठेवून मान हलवायची, ही कला मला लहानपणीच आली. बी.ए. होईपर्यंत ती पक्की झाली.

त्या कादंबरीचंही असंच झालं. बी.ए. झालो तेव्हा शाळेतल्या मराठीच्या सरांनी ती बक्षीस दिली. आतल्या पानावर सही करून म्हणाले, "ही वाचल्याशिवाय पदवीला अर्थ नाही." नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याच्या त्याच्या घरात अशी एक थोर, जाड कादंबरी असतेच. माझी नऊशे बारा पानांची. फडताळात ती एवढी जागा अडवून बसायची की घरात एखादा वडीलधारा माणूस राहतोय असं वाटायचं. झाडताना चुकून पाय लागला तर मी तिला नमस्कार करायचो, पण उघडायचो नाही. सात वेळा सुरुवात केली. चाळिसाव्या पानाच्या आसपास माणसांची नावं एकमेकांत मिसळायची आणि मी हळूच मिटून ठेवायचो. बाकीचे लोक ही वाचून रडतात म्हणे. मला झोप येते, म्हणजे खोट आपल्यातच, असं वाटायचं.

दर दिवाळीला सरांचा फोन यायचा. "कुठवर आलास?"

"संपत आली, सर."

अकरा दिवाळ्या.

दवाखान्यात ॲडमिट होताना सुनीतानं, माझ्या बायकोनं, विचारलं, "घरून काय आणू?" मी म्हणालो, ती कादंबरी आण. तीन आठवडे नुसतं छताकडे बघायचं होतं. पाय परत येतील की नाही ते कुणी सांगत नव्हतं. निदान सरांशी बोललेलं एक खोटं तरी खरं करावं, असं मनात आलं.

पण उताण्या माणसाला नऊशे पानांचं पुस्तक धरता येत नाही. दोन्ही हात वर करून पाच मिनिटं धरलं की मनगटं थरथरतात. तिसऱ्या दिवशी ते सटकून थेट नाकावर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं.

शेजारच्या कॉटवरून आवाज आला, "काय प्रोफेसर, नाकाचं हाड पण इथंच जोडून घ्यायचं का? वॉर्ड तर बरोबर हाय."

तेच मुनीरचाचा. दुकानात स्टुलावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजन लावून त्यांनाही खिळवून ठेवलं होतं. वय सत्तरीच्या आसपास, पण तोंड थांबत नव्हतं.

"ही किताब हाय का वीट? बेटी, आण हिकडं," त्यांनी सुनीताला सांगितलं. पुस्तक हातात घेऊन त्यांनी पहिलं पान उघडलंच नाही. पाठीवरून अंगठा फिरवला, पुठ्ठा वाकवून आत डोकावले, खळीचा वास घेतला. "शिलाई चांगल्या हाताची हाय. उसवू का?"

"नको, नको चाचा! सरांनी दिलंय. आत त्यांची सही आहे."

"अरे, मी सही थोडीच उसवतोय? आयुष्यभर हेच केलंय. वकिलांची पुस्तकं उसवली, पोथ्या उसवल्या, मस्जिदीतल्या जुन्या किताबा उसवल्या. उसवल्याबिगर नवी बांधणी होतच नाय." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "मोठ्या किताबीला लोक का भितात, म्हायताय? उचलून बघतात म्हणून. वाचून कुणी भीत नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं पातं, सुई आणि दोरा आणला. जाड पुस्तक हे सोळा-सोळा पानांच्या जुड्यांचं असतं, त्यांना फर्मे म्हणतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चाचांनी पडल्या पडल्या पहिले तीन फर्मे सोडवले, दोन टाके घातले आणि ती अठ्ठेचाळीस पानांची वही माझ्या छातीवर ठेवली.

"एवढीच किताब हाय समज. पुढची मागू नको. ही संपली की देतो."

हाताला ती हलकी लागली. चार दिवसांत मी चाळिसावं पान ओलांडलं. कळलं तेव्हा शेजारी कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून चाचांना सांगितलं. त्यांनी सिस्टरना हाक मारली, "सिस्टर, आमच्या पेशंटची तब्येत सुधारली, लिहून घ्या!"

नदीकाठच्या एका गावात नाव चालवणाऱ्या घराण्याची ती गोष्ट होती, तीन पिढ्यांची. त्यात एक आत्याबाई होती, घरातल्या सगळ्यांशी भांडणारी आणि सगळ्यांसाठी उपाशी राहणारी. तिच्यावर माझा जीव जडला. सुनीता डबा घेऊन आली की मी तिला आत्याबाईचं पुढं काय झालं ते सांगायचो. सुनीता आठवीपर्यंत शिकलेली. सासूच्या तक्रारी ऐकाव्यात तशी ती मन लावून ऐकायची.

चाचा माझ्या आधी सुटले. जाताना उरलेलं पुस्तक घेऊन गेले. "घरी बसून बाकीच्याच्या वह्या करतो. मला पण हाताला काम पायजे."

आठवडाभरानं मीही बजाजनगरच्या खोलीवर आलो, पाठीला कडक ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा लावून. दिवसातले वीस तास पडून. सुनीता शेजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवून घर चालवत होती. तिसरा महिना सरत आला तेव्हा चाचांचा मुलगा एक कापडी पिशवी देऊन गेला. आत अठरा वह्या, प्रत्येकीला खाकी कागदाचं कव्हर. पिशवी मी उशाशी ठेवली. एक दिवस चादर बदलताना ती खाली पडली आणि वह्या पसरल्या. सुनीतानं गोळा करून परत भरल्या. मी वरची वही उचलली आणि पानांचे बारीक आकडे न बघताच वाचायला लागलो.

इथून पुढं माझी चूक सुरू होते. ती नीट सांगतो.

कादंबरी एकदम अवघड झाली. शंभर पानांमागं ज्याचं लग्न झालं होतं, तो लहान मूल होऊन रांगायला लागला. नाव नदीत बुडाली आणि पुढच्या वहीत ती बांधायला सुतार आला. आत्याबाई मेली. मी खरंच रडलो. पुढच्या वहीत ती चुलीपुढं बसून सुनेला शिव्या देत होती.

सुनीता म्हणाली, "मेलेली बाई भाकरी थापतीय? भूत झाली व्हय?"

"मोठ्या कादंबरीत काळ असा मागंपुढं जातो," मी तिला समजावलं. कॉलेजात कुणीतरी असं बोललेलं ऐकलं होतं. आणि खरं सांगतो, मला ते मनापासून पटलं होतं. समजत नाही म्हणजे पुस्तक थोर आहे आणि आपण कमी आहोत, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं.

त्याच दिवसांत अक्षरं धूसर व्हायला लागली. वाफ धरलेल्या काचेतून बघावं तशी. आधी दिवसाला वीस पानं व्हायची, आता चार होईनात. बारीक टाइप आणि अवघड मजकूर, डोळ्यांवर येणारच, असं मी ठरवून टाकलं. मोठा बल्ब लावून घेतला. एका सणाला सुनीता तयार होऊन समोर आली तर मी म्हणालो, "आज तरी ही मळखाऊ साडी कशाला नेसलीस?"

"मळखाऊ?" ती म्हणाली. "लाल हाय की ही. लग्नातली."

मी हसण्यावारी नेलं. तिनं तोंड फिरवलं.

महिन्याच्या तपासणीला मॅडमनी पायांची ताकद बघितली, खूश झाल्या. "बाकी काही त्रास?"

बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली. गोष्ट काय सांगायची, तर पुस्तक वाचताना डोळे दुखतात? "नाही मॅडम. बरं आहे."

मग एका दुपारी मुनीरचाचा काठी टेकत खोलीवर आले. मुलाची रिक्षा खाली उभी होती. चहा झाला. "बोल प्रोफेसर, कुठवर गेली नाव?"

मी उत्साहानं सगळं सांगितलं. मेलेली आत्याबाई, रांगणारा नवरदेव, बुडून परत बांधलेली नाव. चाचा ऐकत होते. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"लेका, ही किताब लिहिणाऱ्यानं नाय, तू बिघडवलीस." पिशवी ओढून त्यांनी वह्या कॉटवर मांडल्या. "ही बघ. सातवर चौदा, चौदावर तीन. म्हणजे तू आत्याबाईला आधी दफन केलंस, मग तिचं लग्न लावलंस!"

सुनीता ओढणी तोंडावर धरून हसायला लागली. मीही हसलो. "पण मला कळणार कसं चाचा? पानांचे आकडे तळाशी मुंगीएवढे. कव्हरावर नंबर टाकायचे होते ना."

"टाकल्यात की! प्रत्येक कव्हरावर. हा एवढा मोठा."

"कुठं?"

"अरे, हा काय!" त्यांनी बोट ठेवलं. मला खाकी कागद दिसत होता. कोरा.

"मला वाटायचं, हे बघूनच काढत असतील," सुनीता म्हणाली. "एवढा शिकलेला माणूस."

चाचांनी दोन वह्या उजेडात धरल्या, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. सदऱ्याच्या खिशातून दोऱ्याची दोन रिळं काढून माझ्या तळहातावर ठेवली. "यातलं लाल कुठलं?"

मी बघत राहिलो. दोन्ही मातकट. एक जरा गडद. मी गडद रीळ उचललं.

चाचांनी काठी उचलली. "बेटी, याच्या गोळ्यांची फाईल घे. आत्ताच जायचं."

"उद्या ओपीडीत दाखवू चाचा," मी म्हणालो. "मॅडम कामात असतात."

"तू गप रे! मॅडमना काम कशाचं असतं? तुझंच ना?"

दवाखान्यात चाचांनी रिळांचं सांगितलं तसं मॅडमनी दारातच विचारलं, "किती दिवसांपासून?"

"महिना झाला. जास्तच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना मी?"

"हो मॅडम."

"समजलं म्हणालात."

नेत्र विभागात रंगीत ठिपक्यांच्या पाट्यांचं एक पुस्तक समोर ठेवलं. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. बारा पाट्यांपैकी मी एक वाचली. निदान झालं ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला झालेली इजा. माझ्या बाबतीत ती त्या गोळीमुळं. गोळी त्याच क्षणी बंद झाली, बाकीची औषधं चालू राहिली.

"नजर परत येईल का?" हे मी विचारलं नाही. सुनीतानं विचारलं.

"बहुतेक वेळा येते. कधी पूर्ण, कधी थोडी. महिने लागतात. याहून उशीर झाला असता तर मला हेही बोलता आलं नसतं."

आमच्या स्टोअरमध्ये पास झालेल्या मालाला हिरवी चिठ्ठी लावतात, नापास मालाला लाल. माझं काम म्हणजे त्या दोन चिठ्ठ्या. रिक्षात बसल्यावर मी सिग्नलकडे बघितलं. तिन्ही दिवे एकाच रंगाचे, फक्त वरचा की खालचा एवढंच कळत होतं. पाय परत येत होते, आणि त्या पायांनी जिथं जायचं तिथली भाकरी डोळ्यांवर होती.

पुढचे तीन महिने मला वाचता आलं नाही. चाचांनी वह्या क्रमानं लावून दिल्या आणि सुनीतानं मशीन बाजूला ठेवून रोज दुपारी दुसऱ्या वहीपासून वाचायला घेतलं. सुरुवातीला ती प्रत्येक शब्दावर अडायची. "मला नाय जमायचं एवढं मोठं," म्हणायची. मी चाचांचं वाक्य सांगायचो, एवढीच किताब आहे समज.

पहिल्याच दुपारी एक जागा आली जिथं नावाडी भावाशी बोलणं सोडतो. का, ते कळलं नाही. सवयीनं मी मान हलवली. मग थांबलो.

"मला समजलं नाही," मी म्हणालो. "परत वाच."

तिनं परत वाचलं. तिलाही समजलं नव्हतं. दोघांनी मिळून तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा मागच्या पानावरचं एक वाक्य सापडलं आणि सगळा उलगडा झाला. बी.ए. झालेल्या माणसानं बत्तिसाव्या वर्षी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं, याची लाज वाटत नाही आता. आत्याबाई योग्य जागी मेली तेव्हा सुनीता वाचायची थांबली आणि दोन दिवस तिनं वहीला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही.

नंतर तपासणीला जाताना आम्ही कागदावर सगळं लिहून न्यायला लागलो. क्षुल्लक वाटलेलंही. तळपायाची आग, भूक, स्वप्नं. मॅडम हसून वाचायच्या, पण शेवटपर्यंत वाचायच्या.

एका सकाळी सुनीता कोपऱ्यात पुढची वही शोधत होती. मी सहज म्हणालो, "तेरावी ना? ती काय, खाली आहे." तिनं वही उचलली नाही. माझ्याकडे वळून बघितलं. कव्हरावर गंजाच्या डागासारखं काहीतरी होतं, पुसट, पण तेरा होतं.

आज मी काठीशिवाय चालतो. पाट्यांच्या पुस्तकातल्या बारापैकी दहा वाचतो. कंपनीनं सध्या मला बिलं तपासायला बसवलंय. चिठ्ठ्यांचं काम परत द्यायचं की नाही, ते पुढच्या तपासणीनंतर ठरेल. वाचणाऱ्यांना एकच सांगतो. औषधाचा त्रास आहे की आपला कमीपणा, हे ठरवणं आपलं काम नाही. जे दिसतं, जे दिसत नाही, ते सांगून टाका. रांगेतल्या माणसांना थोडं थांबू द्या.

चाचा सध्या जालन्याला लेकीकडे आहेत. "फोनवर सगळेच बोलतात, तू खत लिही," असं म्हणाले होते. त्यांना पाठवलेलं पत्र इथं देतो.

मुनीरचाचांना सलाम.

मोठ्या अक्षरात लिहितोय. तुम्ही मराठी पुठ्ठ्यांवरची नावं टाकून टाकून शिकलात, म्हणून पुठ्ठ्याएवढंच अक्षर काढलंय. ते मी माझ्या डोळ्यांनी काढलंय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

एकोणिसावी वही काल संपली. शेवटची दहा पानं मी वाचली, सुनीतानं ऐकली. नाव शेवटी कुणाच्या हातात जाते ते सांगत नाही. तुम्ही आलात की सुनीता वाचून दाखवणार आहे, पहिल्या वहीपासून. तिनं ठरवलंय.

मधे सरांना फोन केला होता. अकरा वर्षं खोटं बोललो, असं सांगितलं. सर म्हणाले, "बरं. आता कुठवर आलास?" मी म्हणालो, "पान सहाशे बारा, सर." पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. ते म्हणाले, तिथून पुढं चढ आहे, सावकाश जा.

पुस्तक परत बांधायचं तुम्ही म्हणाला होतात. थोडं थांबाल का? आपल्याच वॉर्डात माझ्या कॉटवर आता पैठणचा एक माणूस आहे, तोच आजार. त्याला पहिल्या तीन वह्या देऊन आलो. आकडे काळ्या शाईनं परत लिहिलेत. रोज त्याला रिळं दाखवायला त्याच्या बायकोला शिकवलंय. सगळ्या वह्या फिरून आल्या की बांधू.

सरांची सही असलेलं पान मी जपून ठेवलंय. बांधाल तेव्हा त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर तुमचं नाव तुमच्या हातानं टाका, पुठ्ठ्यावर टाकता तसं.

आणि दोरा कुठल्या रंगाचा घालू, असं विचारलं होतंत. लाल घाला. उजव्या डोळ्याला तो लाल दिसतो. डाव्या डोळ्याला अजून विटकरी दिसतो, तेही सांगून ठेवतो.

तुमचा,
प्रोफेसर